आधी कढई दाखवा

डहाणू स्टेशनच्या मागच्या गल्लीत शेठचं दुकान होतं. आता तिथे मोबाईलची कव्हरं लटकतात आणि ते स्वतः बिलिमोऱ्याला मुलीकडे राहायला गेलेत म्हणे. त्या दुकानाचं शटर पुरतं वर गेलेलं मी कधी पाहिलं नाही. कमरेएवढंच उघडं असायचं. आत जायचं तर वाकायचं. असं का, तर म्हणायचे, "बेन, उभा माणूस भाव विचारून जातो. वाकतो तो घेतो."

मी पहिल्यांदा वाकले तेव्हा बासष्ट वर्षांची होते. म्हणजे अगदीच कोवळी, आणि त्या वयाला शोभेल एवढीच अक्कल. आतल्या अंधाराला डोळे सरावायच्या आत कोपऱ्यातून आवाज आला, "कढई आणली?"

"कढई? मला एअर फ्रायर हवाय."

"ते समजलं. कढई कुठे आहे?"

समोर लोक त्यांना शेठ म्हणत, मागे फौजदार. मिक्सर, पंखे, इस्त्र्या दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली होती, आणि म्हातारपणी त्यांनी हे बिनतेलाचं मशीन विकायला काढलं होतं. विकायला काढलं म्हणजे काय, ते देताना त्यांच्या जिवावर यायचं. गिऱ्हाईक खोटं बोलतं, कंपनी खोटं बोलते, खोका तर छापूनच खोटं बोलतो, असं त्यांचं मत. खोके सगळे भिंतीकडे तोंड करून ठेवलेले. नवा खोका आला की तो असा उघडायचे, जसं काही आत घोणस बसली आहे. आधी लांब स्क्रूड्रायव्हरने टेप कापायची, मग दोन पावलं मागे सरायचं, मग थर्माकोलचा वास घ्यायचा.

लिटरवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. त्यांचं माप चिकू. घरच्या वाडीतले कच्चे, टणक चिकू टोपलीत काउंटरवर ठेवलेले असत. मशीनच्या भांड्यात ते भरायचे, मोजायचे आणि आकडा पेन्सिलीने खोक्यावर टाकायचे. कोणी विचारलं, "हे किती लिटरचं?" की उत्तर यायचं, "बावीस." आणि शेजारचं त्याच्यापेक्षा मोठं म्हणून छापलेलं? "ते एकोणीस. आता सांगा, कोण चोर?" पंचाईत अशी की चिकू आठवड्यात पिकायचे, मग शेठ ते माप खाऊन टाकायचे आणि नव्या चिकवांनी अख्खं दुकान पुन्हा मोजायचे.

स्वतः दुपारी तिथेच बसून गाठिया खायचे, तळलेल्या मिरचीबरोबर. मी एकदा छेडलं, "शेठ, बिनतेलाचं मशीन विकता आणि स्वतः हे?"

"बेन, डॉक्टर लोक आपल्याला कापतात. स्वतःला कापतात का?"

कढईचा नियम मात्र सगळ्यांना एकच. ज्या घरात मशीन जाणार त्या घरातली कढई आणायची, तीही रोजची, पाहुण्यांपुढची नाही. तलासरीचा एक गृहस्थ गाडी घेऊन आला होता. त्याला पुतणीच्या लग्नात आहेर म्हणून मशीन द्यायचं होतं. शेठ म्हणाले, "मुलीची कढई आणा." तो म्हणाला, "अहो, तिचा अजून संसार सुरू व्हायचाय." शेठ म्हणाले, "मग घाई काय आहे? एक कढई जाळू दे तिला, मग या." आणि खरंच दिलं नाही. दुसरा एक कढई विसरला, म्हणून त्याने विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची शपथ घेतली, की आमच्याकडे महिन्यातून एकदाच तळतात. शेठनी हात जोडले. "देवीला मधे कशाला आणता? तिला खूप कामं आहेत. कढई आणा." त्यामुळे डहाणूच्या रिक्षात कोणाच्या पिशवीतून कढईचे कान बाहेर आलेले दिसले की रिक्षावाला न विचारता त्या गल्लीत वळायचा.

तर मी त्या दिवशी हात हलवत परत आले, आणि रस्ताभर माझं डोकं चाललं. या माणसाला कढई कशाला हवी? कढईवरून घरची ऐपत ओळखून महागडं मशीन गळ्यात मारत असणार. की लोखंड बदलून हलकी कढई परत देतो? तलासरीच्या शाळेत मी तीस वर्षं विज्ञान शिकवलं होतं; निवृत्तीनंतरही दर गुरुवारी तिथल्या मुलींना शिकवायला जायची. पुराव्याशिवाय काही मानायचं नाही, असं मुलांना सांगायची. शेठविरुद्ध माझ्याकडे एकही पुरावा नव्हता, पण निकाल तयार होता.

मशीन हवं होतं ते आमच्या ह्यांच्यासाठी. त्याच्या आदल्या वर्षी ह्यांना छातीत दुखून वापीला न्यावं लागलं, दोन स्टेंट बसले. डॉक्टरांनी तळलेलं बंद केलं. तेव्हा मी दवाखान्यात सगळ्या नातेवाइकांसमोर, आवाज जरासा भरून आणून जाहीर केलं होतं, "तुम्ही नाही, तर मीही नाही. आजपासून आपल्या घरात तेल तापणार नाही." नणंदेने डोळे पुसले. ह्यांनी पुढे सहा महिने ही गोष्ट पोस्टमनपासून चिकूच्या व्यापाऱ्यापर्यंत सगळ्यांना सांगितली.

मी तीन आठवडे शब्द पाळला. चौथ्या आठवड्यात ओले बोंबील दारावर आले.

संध्याकाळी हे समुद्रावर फिरायला जात, बरोबर पाऊण तास. तेवढ्यात बोंबलाची भजी होतात, हे मला प्रयोगाअंती कळलं. पीठ आधीच भिजवून ठेवायचं, खिडक्या उघड्या, पंखा पाचावर, देवापाशी ऊद. ओट्याशी उभ्यानेच खायची, कढई चिंचेने घासून पालथी घालायची, आणि उरलेलं तेल स्टीलच्या डब्यात तांदळाच्या पिंपामागे. हे परत आले की मी दुधीचं सूप ढवळत असायची. हे म्हणायचे, "माझ्यापायी तुझी पण जीभ मारली गेली गं." मी खाली बघायची. लोकांना वाटायचं विनय. खरं तर ढेकर दाबत असायची.

एकच गोष्ट खटकायची. डब्यातलं तेल माझ्या हिशेबापेक्षा भराभर कमी व्हायचं. मी त्यावर बराच विचार केला आणि स्वतःला पटवलं, की समुद्राकाठची हवा, उकाडा, तेल उडत असेल. विज्ञानाची बाई हो! शाळेने मला निरोपाच्या वेळी शाल दिली होती, ती परत मागायला हवी होती.

आणि मग ह्यांचा रिपोर्ट आला. कोलेस्टेरॉल खाली यायच्या ऐवजी वर. डॉक्टरांनी आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं. "तळलेलं बंद आहे ना?"

"पूर्ण बंद," आम्ही दोघं एका सुरात म्हणालो.

"मग गोळी वाढवावी लागेल. तीन महिन्यांनी परत बघू. असंच राहिलं तर पुन्हा वापीला जायची तयारी ठेवा."

त्या दिवसापासून माझी झोप गेली. माणूस वर्षभर दुधी खातोय आणि रक्त ऐकत नाही, मग आता कमी तरी काय करायचं? तेव्हा नातीने फोनवर एअर फ्रायर दाखवला. मी महिनाभर त्यावर अभ्यास केला. फुलस्केप कागदावर तक्ता आखला. वॅट, लिटर, एक कप्पा की दोन, चाकाचा की डिजिटल, काचेची खिडकी आहे की नाही. लाल शाईने अधोरेखित. तो तक्ता घेऊनच मी शेठकडे गेले होते, आणि त्यांनी कढई मागून मला परत पाठवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी कढई चिंच आणि राख लावून अशी घासली की तिच्यात माझी टिकली दिसावी. सकाळी उठून बघते तर कढई पुन्हा ओली, पुन्हा घासलेली. हे म्हणाले, "म्हटलं तुला मदत करावी." माझे डोळे पाणावले. एवढ्या वर्षांत ह्यांनी चहाचा कप विसळला नव्हता, आणि मला संशय आला नाही. संशय सगळा बिचाऱ्या शेठवर खर्च झाला होता.

आम्ही दोघं वाकून आत गेलो. आत आणखी एक गिऱ्हाईक होतं, पस्तिशीची एक बाई, स्टुलावर मांडीवर कढई घेऊन बसलेली. मला बघून उठलीच. "बाई! तुम्ही तलासरीच्या ना? मी तुमच्या वर्गात होते. आता गंजाडला दिलंय मला."

मला नाव आठवलं नाही, पण मी डोक्यावर हात ठेवला. विद्यार्थिनीसमोर माणूस आपोआप ताठ होतो. मी ताठ होऊन कढई काउंटरवर ठेवली आणि वर तक्ता.

शेठनी तक्ता बाजूला सारला. "हा पेपर कोणी काढला? डिजिटल कापा. तुमच्याकडे लाईट झपझप करते ना? लाईट गेली की डिजिटल सगळं विसरतो. चाक विसरत नाय." मग कढई उचलली. नुसती बघितली नाही. बल्बखाली तिरकी धरली, आतून अंगठा फिरवला, कानाच्या रिबिटापाशी काडेपेटीची काडी घालून कोरलं, काडी नाकाला लावली. पुन्हा कोरलं. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"एवढी का घासली?"

"स्वच्छतेची सवय आहे," मी म्हटलं.

"दोनदा घासलीय. दोन हातांनी. एक गोल घासतो, एक उभा." त्यांनी कढई ह्यांच्याकडे वळवली. "बेन, तेल किती दिवस बंद आहे म्हणालात?"

"वर्ष झालं," मी म्हणाले.

"वर्ष होऊन गेलं," हे म्हणाले.

"जुनं तेल नखाला लागत नाय. लाखेसारखं कडक होतं. हे बघा." काडीच्या टोकाला पिवळा चिकट थेंब होता. "हे या आठवड्यातलं."

मी मनात वाक्यं जुळवायला लागले. शेजारणीने नेली होती. नाही, भाचीने. तोवर शेठचं बोट कढईच्या आत फिरत होतं.

"आणि रेघा दोन आहेत. चिंचेने डाग जातो, रेघ जात नाय. ही वरची. हा मुरलेला हात. तेल भरपूर, जाळ बराबर, भजीवाला. आणि ही खालची. हा हात नवीन. तेल थोडं, आच फार, सगळं जाळलंय. हा चोर आहे. घाईत असतो." त्यांनी कढई खाली ठेवली. "या कढईत दोन माणसं तळतात, आणि एकमेकांना सांगत नाय."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे छताकडे बघत होते, जसं काही तिथे रेल्वेचं वेळापत्रक लावलंय.

"अहो?"

"पापड," हे छताला म्हणाले. "फक्त पापड गं. तू गुरुवारी तलासरीला मुलींना शिकवायला जातेस तेव्हा."

"आणि तेल?"

"तांदळाच्या पिंपामागे डबा असतो ना." मग हळूच, "त्याला बोंबलाचा वास येतो."

म्हणजे ह्यांना माहीत होतं! "किती दिवस?"

"दिवाळीपासून. म्हटलं, तुला बोललो तर तू खरंच सोडशील. मग मला पण सोडावं लागेल."

"आणि मी समजत होते तेल उडतंय!"

स्टुलावरून आवाज आला. "बाई, पाणी उडतं. तेल असं उडत नाही. तुम्हीच शिकवलेलं, सातवीत." आणि गंजाडची माझी विद्यार्थिनी पदरात तोंड लपवून हसू लागली. हसण्याची साथ असते. हे हसले, मग मी. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसलंही.

शेठ हसले नाहीत.

"डॉक्टरला काय सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"पूर्ण बंद आहे म्हणून."

"मग गोळी वाढवली असेल."

"हो."

"म्हणजे तळलेलं सोडलेला जो माणूस मुळात नायच, त्याला डॉक्टर औषध देतो. खऱ्या माणसाला कोण देतो?" त्यांनी आमची कढई उचलून काउंटरखाली सरकवली. वाकून पाहिलं तर तिथे आणखी पाच-सहा कढया होत्या, खडूने गावांची नावं लिहिलेल्या. "ही इथे राहील. आधी डॉक्टरकडे जाऊन खरं सांगून या. मग मशीन."

मला राग आला. हा कोण लागून गेला? माझी कढई, माझा नवरा, माझा डॉक्टर! पण गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत तो उतरला, कारण हे माझ्या मागे पडले होते. उन्हात थांबून छातीवर हात ठेवून उभे होते. "काही नाही गं, वाकून उठल्यामुळे," म्हणाले. वर्षभर मी त्या छातीसाठी दुधी किसला होता, आणि त्याच छातीच्या वाटेत डबा भरून तेल ठेवत होते. आम्ही तशीच रिक्षा डॉक्टरांकडे वळवली. डॉक्टर जे बोलले ते मी लिहीत नाही. ह्यांना ते कमी ओरडले, मला जास्त.

मग मशीन मिळालं. मला दोन कप्प्यांचं हवं होतं, एका बाजूला ह्यांचं, एका बाजूला माझं. शेठनी चौदा चिकवांचं काढलं, चाकाचं.

"हे लहान नाही का? मुलं-नातवंडं आली तर?"

"रोज किती ताटं धुता?"

"दोन."

"मग दोन ताटांचं घ्या. मोठं घेतलं की माणूस ते भरत बसतो." आणि मशीनच्या भांड्याची जाळी दाखवत म्हणाले, "भज्याचं पीठ यातून खाली गळतं, म्हणजे बेन, तुमचं बंद. पापड हवेने उडून कॉइलला चिकटतो आणि जळतो, म्हणजे साहेब, तुमचं बंद. तुमच्या घराला हेच बराबर."

"मग यात होतं तरी काय?"

"रताळं. भेंडी. सुरमई." त्यांनी खांदे उडवले. "मला काय विचारता, मी कुठे खातो."

तीन महिने आम्ही रताळी खाल्ली, भेंडी खाल्ली, सुरमई खाल्ली. सुरमई बरी होते, हे मान्य करायला मला दीड महिना लागला. एकमेकांवर पाळत तर अशी, की मी तलासरीहून आले की ह्यांच्या बोटांचा वास घ्यायची आणि हे फिरून आले की ओट्यावर हात ठेवून ओटा गरम आहे का बघायचे. इतका लक्षपूर्वक संसार आम्ही पूर्वी कधी केला नव्हता.

रिपोर्ट आला. आकडा खाली! डॉक्टर म्हणाले, वापी नको. मी तो कागद पर्समध्ये घालून ह्यांना घेऊन थेट शेठकडे गेले. वाकायचं विसरले, शटर कपाळाला लागलं, तरी दुखलं नाही. "बघा," म्हणून मी कागद त्यांच्या पुढ्यात ठेवला, पहिला नंबर आलेल्या पोरीसारखा.

शेठनी तो बल्बसमोर धरला. उलटा करून मागची बाजू पाहिली. नखाने शिक्का खरवडला.

"हा यांचाच आहे ना?"

"नाव वाचा की!"

वाचलं. दोनदा वाचलं. मग कागद ह्यांच्या हातात दिला आणि माझ्याकडे बघत राहिले, कढईकडे बघायचे तसं.

"वरची रेघ मोठी होती, बेन."

"म्हणजे?"

"हे साहेब फक्त गुरुवारी पापड खायचे. भजी रोज तुम्ही. तुमचा रिपोर्ट कुठे आहे?"

वर्षभर सुया, पट्ट्या, गोळ्या, डॉक्टर सगळं ह्यांचं. माझं रक्त कोणी पाहिलंच नव्हतं, मीसुद्धा नाही. जिना चढताना धाप लागायची, तिला मी वय म्हणत होते. डाव्या खांद्याच्या कळेला मी कढई घासल्याचं दुखणं म्हणत होते. हे मी शेठना सांगितलं नाही. ह्यांच्याकडे वळून बघितलं तर ह्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं.

"धाप लागते तिला," हे शेठना म्हणाले. मला वाटत होतं, ह्यांच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी आम्ही लॅबमध्ये बसलो. माझी पर्स ह्यांनी मांडीवर घट्ट धरलेली. पोरीने सुई टोचली तेव्हा मी बघत होते. तोंड फिरवलं ते ह्यांनी.

संध्याकाळी रिपोर्ट न्यायला हे एकटेच आत गेले. बाहेर आले, कागद उलगडला, वाचला, पुन्हा वरपासून वाचला. मग त्याची बारीक चौकोनी घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि रिक्षाला हात केला.

"किती आहे?" मी विचारलं.

"वाचता आलं नाही गं. चष्मा घरी राहिला."

चष्मा ह्यांच्या नाकावर होता.